तीन मीटर ऐंशी सेंटिमीटरचा ब्लॉग

प्रत्येक कंपनीच्या आयुष्यात एक दिवस असा उगवतो, की आपण इतकी वर्षं गप्प बसलो याची तिला लाज वाटू लागते. माणसाला ही लाज साधारणपणे साठीनंतर वाटते आणि मग तो आत्मचरित्र लिहितो. कंपनीला ती कधीही वाटू शकते, आणि मग ती ब्लॉग काढते.

सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या मगनमंगल प्रोसेसर्सला ती सव्विसाव्या वर्षी वाटली. तोवर या मिलने जगाला उद्देशून फारसं काही म्हटलेलं नव्हतं. व्यापाऱ्याचं, म्हणजे मिलच्या भाषेत पार्टीचं, कापड पांढरं यायचं आणि रंगून परत जायचं. कापड दुसऱ्याचं, गिऱ्हाईक दुसऱ्याचं, तेव्हा स्वतःचं असं बोलायची वेळ कुणावर आली नाही. गेटवर एक पाटी होती, तिच्या एका अंगाला 'कारीगर चाहिए' आणि दुसऱ्या अंगाला 'कारीगर नहीं चाहिए' असं लिहिलेलं होतं. बाजाराची हवा पाहून वॉचमन सखाराम गायकवाड ती उलटवत असे. (एकदा तो उलटवायला विसरला आणि अठ्ठावीस माणसं नोकरीला लागली. त्यांतली नऊ अजून आहेत.)

मग शेठ मगनभाई जरीवालांचा भाचा वैभव रेशमवाला अहमदाबादला दोन दिवसांच्या शिबिराला गेला. येताना त्याने एक कापडी पिशवी, एक पाण्याची बाटली आणि ब्लॉग आणला. ब्लॉग नसलेली कंपनी ही आता कंपनीच धरली जात नाही, असं त्याला तिथे पाटी-पेन्सिल घेऊन शिकवलं होतं. शेठनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि कापडाच्या ताग्यांचा हिशेब मांडावा तसा एकच प्रश्न विचारला, "रोज के कितने ताके निकलेंगे?"

वैभव म्हणाला, "मामा, ब्लॉगचे ताके नसतात. लेख असतात."

"मग कमिटी बसव," शेठ म्हणाले. ज्या गोष्टीचे ताके निघत नाहीत तिच्यावर कमिटी बसवायची, ही मिलची जुनी आणि चांगली पद्धत आहे.

कमिटीत सात माणसं होती. तिने तीन बैठका, एकसष्ट कप चहा आणि दोन वेळा लोचोचा नाश्ता एवढ्या अल्प साधनांत 'ब्लॉग कुणी लिहावा' या प्रश्नाचा जो छडा लावला, त्याला तोड नाही. इंग्रजी येणारी चार माणसं निघाली, पण त्यांना कापड कळत नव्हतं. (एकाने जॉर्जेटला पातळ कॉटन म्हटलं. त्याला पाणी आणायला पाठवलं आणि तो परत येईपर्यंत त्याचं नाव खोडलं.) कापड कळणारी एकशे नव्वद निघाली, पण त्यांना वेळ नव्हता. वेळ असणारी दोन निघाली. त्यांना वेळ कसा काय आहे, याची मनुष्यबळ खात्याच्या भूपेंद्रभाई देसाईंनी चौकशी लावली. त्या दिवसापासून मिलमध्ये कुणालाच वेळ नाही.

मग बाहेरच्या एजन्सीकडून नमुना मागवला. नमुना फार सुंदर होता. त्यात ध्यास होता, प्रवास होता, वारसा होता आणि तीन ठिकाणी लुधियानाच्या कुठल्याशा कंपनीचं नाव राहून गेलं होतं. कमिटीला तो पसंत पडला. फक्त लुधियानाचं नाव आपल्या नावापेक्षा जाड अक्षरात का, एवढीच हरकत नोंदवली गेली आणि तिथे बोलणी फिसकटली.

शेवटी वैभवने आपोआप लिहिणाऱ्या कॉम्प्युटरला विचारलं. त्याने चार सेकंदांत लेख दिला आणि मिलची स्थापना १८९७ साली झाल्याचं ठामपणे सांगितलं. साल शेठना आवडलं, पण चार सेकंद नाही आवडले. इथे साधा रुमाल रंगायचा तरी मशीनला चार तास लागतात, तेव्हा चार सेकंदांत झालेला माल कच्चाच असणार आणि पहिल्या धुण्यात उतरणार, असं त्यांचं मत पडलं. एवढ्या वर्षांच्या अनुभवाचं मत असल्यामुळे त्यावर चर्चा झाली नाही.

तिसऱ्या बैठकीत भूपेंद्रभाईंनी मुळालाच हात घातला. या कंपनीत आजपर्यंत कुणी आपखुशीने वाचावं असं काही लिहिलंय का? तेव्हा चहाचे कप मोजायला बसवलेली कॉम्प्युटर ऑपरेटर योगिता बाविस्कर हळूच म्हणाली, "नानांचं रिमार्कचं रजिस्टर आहे ना. आम्ही सगळे डब्याच्या सुट्टीत तेच वाचतो."

नाना म्हणजे फोल्डिंग मास्तर धुडकू पाटील. मूळचे पारोळ्याकडचे, राहायला डिंडोलीत. रंगून आलेलं कापड शेवटी त्यांच्या टेबलावर येई. ते मीटरवर मोजायचं, डोळ्यांखालून घालायचं, दोष असेल तर रजिस्टरात रिमार्क लिहायचा आणि त्याची चिठ्ठी ताक्याला टाचायची, की मगच माल गेटबाहेर, असा शेठचा पहिल्या दिवसापासूनचा नियम. बाकीच्या मिलांत 'डाग', 'भोक', 'रंग कमी' एवढ्यावर भागतं. नानांचं भागत नसे. त्यांचे काही रिमार्क असे आहेत:

'ताका ६ : मधोमध चार बोटं जागा कोरी. त्या वेळी मशीनवरचा माणूस घरच्या फोनवर होता. फोन महत्त्वाचा असावा.'

'ताका ३१ : काठाला हळदीचं बोट. पार्टीच्या घरी लग्न आहे. सोडून द्यावे.'

'ताका ८८ : दोष नाही. तरी मन लागत नाही. हा पोपटी कुणी मागितला?'

कमिटीने रजिस्टर मागवलं, दीड तास वाचलं, आणि ठरावात 'उमेदवाराकडे स्वतःचे पेन आहे' एवढंच कारण लिहून धुडकू पाटलांची ब्लॉग-लेखक म्हणून नेमणूक केली. फोल्डिंगचं काम सांभाळून, अर्थात.

नानांना हे कळलं तेव्हा आधी ते नाही म्हणायला निघाले. दोष शोधायचा आणि लिहायचा, हे त्यांना जमत होतं. कौतुक कसं लिहितात हे त्यांना ठाऊक नव्हतं. (घरी पुष्पाबाईंचंही तेच म्हणणं होतं.) पण टेबलावर हात टेकून उभे असताना त्यांना एकदम उखा आठवला, आणि ते वैभवला म्हणाले, "लिहितो. विषय माझा."

उखा कलर किचनमध्ये होता, म्हणजे रंग तोलून कालवायच्या खोलीत. तो आणि नाना एकाच दिवशी या मिलमध्ये लागले आणि पहिली सहा वर्षं एकाच खोलीत भाकऱ्या भाजत राहिले. अकरा वर्षांपूर्वी ऐन सीझनला बॉयलर बसला, वाफ गेली आणि साठ ताक्यांचा हिरवा रंग अर्धा कच्चा राहिला. सगळ्यांनी कपाळाला हात लावला. माल चिंध्यांच्या भावात जाणार म्हणून पार्टी गेटवर येऊन ओरडत होती. उखाने तेच ओलं कापड उचललं, वाफेच्या अजून गरम असलेल्या पाइपावर एक तुकडा वाळवला, खिडकीत धरून पाहिला आणि त्यावर अंदाजाने दुसरा रंग चढवला. कागद नाही, काटा नाही. निघाला तो असला मेंदीचा रंग, की बाजारात त्याला तोड मिळेना. शेड कार्डावर त्याला ४१७ नंबर पडला. पुढे लॅबने उखाच्या बादल्या मोजून त्याचं सूत्र लिहून काढलं, खाली लॅबची सही केली, आणि तेव्हापासून मिलचा निम्मा माल ४१७ मध्येच जातो.

उखाला लिहिता-वाचता येत नाही. त्याने कधी काही मागितलं नाही. फक्त एकदा टपरीवर चहा पिताना तो नानांना म्हणाला होता, की गावाकडे सगळ्यांना वाटतं मी सुरतेला होळीचे रंग विकतो. आता परत जाणार, तर कंपनीने एवढं कुठेतरी लिहून द्यावं, की ४१७ उखाने केला. चालू महिन्याच्या एकतीस तारखेला तो साठ पुरे करून गावी जाणार होता. नानांच्या हातात तेवीस दिवस होते.

रविवारी दुपारी नाना डिंडोलीच्या घरात जमिनीवर पोतं अंथरून लिहायला बसले. पुष्पाबाई लसूण सोलत होत्या. बराच वेळ नवरा मान वर करीना तेव्हा त्यांनी घरच्या अहिराणीत विचारलं, "काय लिखी ऱ्हायनात? मयतनी चिठ्ठी शे का?"

"कंपनीनं काम शे."

"मंग उखाभाऊनं नाव टाका बरं. नही ते त्या म्हाताराले गावमा कोनी वळखाव नही."

"त्यानाच करता लिखी ऱ्हायनू ना," नाना म्हणाले, आणि त्यांनी डोळे पुसले. लसणाचं निमित्त हाताशी होतं, त्यांनी ते वापरलं.

लेख झाला. साधा, सरळ, घडलं तसं. कोणत्या भाषेत छापायचा यावर कमिटीत फार ताणलं नाही. हिंदी ठरली, कारण ती शेठ, व्यापारी, कारीगर सगळ्यांना सारखीच वाईट येते आणि कुणाचा अपमान होत नाही. नानांच्या मराठीचं योगिताने टाइप करता करता हिंदी केलं. मग प्रश्न आला लेख केवढा आहे याचा.

"बाराशे शब्द," वैभव म्हणाला.

"मीटर में बोल," शेठ म्हणाले.

यात हसण्यासारखं काही नाही. जी वस्तू मोजता येत नाही ती मिलच्या आत घ्यायची नाही, हे धोरण आहे, आणि त्यामुळेच मिल उभी आहे. योगिताने चलानाच्या जुन्या सलग कागदावर लेख एका पट्टीत छापून काढला. फोल्डिंगच्या टेबलावर तो अंथरला. नानांनी स्वतःच्या हाताने मोजला: तीन मीटर ऐंशी सेंटिमीटर. त्यात उखाचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट आणि गाव-तालुक्यासकट, अकरा सेंटिमीटर होतं. नानांनी ते दोनदा मोजलं. त्याची गरज नव्हती, पण त्यांना बरं वाटलं.

पुढचं सगळं आपोआप ठरत गेलं. लेखाला लॉट नंबर पडला: ब्लॉग-१. त्याचं लॉट कार्ड निघालं. कापड जसं एकेका खात्यातून फिरतं तसा लेख फिरेल, प्रत्येक खात्यातून परत फोल्डिंगला येऊन मोजला जाईल, आणि रंगताना कापड आटतं तसा तो आटला तर आठ टक्क्यांपर्यंत 'शॉर्टेज' मान्य राहील, असं वैभवने परिपत्रक काढलं. 'आठ टक्क्यांवर गेल्यास काय काय हरवलं याची चिठ्ठी टाचल्याशिवाय माल बाहेर सोडू नये,' हे कलम त्याने कापडाच्या नियमावरून जसंच्या तसं उतरवून घेतलं. न वाचता उतरवलेलं असल्यामुळे त्यात एकही चूक झाली नाही.

लेख प्रथम लॅबमध्ये गेला. रंगाचं नाव, रंगात काय पडलं, किती पडलं आणि कापड कुठल्या खिडकीत धरलं, ही सारी व्यापारी गुपितं असल्याचा शेरा आला. खिडकीसुद्धा गेली. परत आला तो तीन मीटर पाच.

बॉयलरवाले दत्तू सोनवणे लेख घेऊन स्वतः आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "नाना, माझा बॉयलर बसला असं साऱ्या जगाला सांगणार तुम्ही?"

"बसला होता ना, दत्तू."

"बसला होता. मी कुठं नाही म्हणतो? पण आपापसात बसला होता."

हा मुद्दा बिनतोड होता. बॉयलर चालू करण्यात आला, आणि त्यामुळे साठ ताके का बिघडले हे कुणालाच कळण्याचा मार्ग उरला नाही. दोन मीटर चाळीस.

पर्यावरणाचं काम पाहणाऱ्या खात्याला लेखात 'पाणी' हा शब्द पाच वेळा सापडला. कंपनी पाण्याविषयी लेखी बोलत नाही, असं त्यांनी कळवलं. चार पाणी कामाची होती, ती गेली. पाचवं उखाच्या डोळ्यांत आलं होतं, तेही गेलं. एक मीटर पंच्याण्णव.

भूपेंद्रभाई देसाईंनी मात्र नानांना समोर बसवून, चहा पाजून, समजावून सांगितलं. ते मनाने चांगले आहेत. "पाटील, न्यायाची गोष्ट बघा. मिलमध्ये चारशे बारा माणसं. एकाचं नाव टाकलं तर चारशे अकरांवर अन्याय. चारशे बारा टाकली तर लेख होणार पंचेचाळीस मीटर. मग सर्वांना समान न्याय कोणता? कुणाचंच नको."

"पण रंग त्याने केला, साहेब."

"केला ना! म्हणून तर त्याला टीममध्ये घेतलंय. बघा, 'आमची मेहनती टीम'. याच्यात उखा आला, तुम्ही आलात, मी पण आलो."

अकरा सेंटिमीटर गेले, आणि त्यांच्यासोबत उखाविषयीची सगळी वाक्यं गेली. नानांनी पट्टी मोजली, कार्डावर एक मीटर वीस लिहिलं आणि त्या दिवशी ते डबा न उघडताच घरी घेऊन गेले. एवढा राग त्यांना मिलमध्ये कधी आला नव्हता. राग कुणावर काढावा हे त्यांना कळेना, कारण प्रत्येक खात्याने नियमाप्रमाणे आणि अतिशय गोड बोलून काम केलं होतं.

वकिलांनी 'चूक', 'अंदाज' आणि 'नशीब' हे तीन धोकादायक शब्द काढले, कारण कुठलीही पार्टी त्यांवरून भरपाई मागू शकते. हे शब्द ज्या वाक्यांत होते ती वाक्यं त्यांच्यासोबत गेली. ऐंशी सेंटिमीटर. त्यानंतर मार्केटिंग म्हणून वैभवने 'रंगांच्या दुनियेत एक पाऊल पुढे' ही स्वतःची ओळ घातली आणि तिला जागा व्हावी म्हणून आजूबाजूचं काढलं. सात खात्यांपैकी लेखात भर घालणारं हे एकमेव खातं, आणि त्याचा गौरवाने उल्लेख केला पाहिजे. साठ सेंटिमीटर. शेवटी वास्तूवाले आले. लेखाची सुरुवात पश्चिमेला होत होती. ती आणि तिला तोलून धरणारा शेवट, दोन्ही पाडण्यात आले.

एकोणतीस तारखेला लॉट ब्लॉग-१ तयार होऊन फोल्डिंगच्या टेबलावर आला. त्याचा मजकूर असा:

'मगनमंगल प्रोसेसर्समध्ये रंग असतो. आमची मेहनती टीम असते. रंगांच्या दुनियेत एक पाऊल पुढे. संपर्क साधावा.'

एकतीस सेंटिमीटर. नानांनी हिशेब केला: शॉर्टेज एक्क्याण्णव पूर्णांक चौऱ्याऐंशी टक्के. सव्वीस वर्षांत त्यांच्या टेबलावर एवढं आटलेलं काही आलं नव्हतं. एकदा एक ताका उंदरांनी खाल्ला होता, तोसुद्धा निम्मा शिल्लक होता.

"नाना, सही ठोका ना. आज टाकायचा आहे," वैभव घाईत होता. "चिठ्ठी-बिठ्ठी राहू दे, हे काय खरं कापड आहे?"

नानांच्या हातात पेन होतं. सही केली असती तर गोष्ट तिथेच मिटत होती. त्यांनाही निवृत्तीला दोनच वर्षं राहिली होती, पोरीचं लग्न व्हायचं होतं, आणि भाच्याशी वाकडं घेऊन मिलमध्ये कुणाचं भलं झालेलं नाही. ते म्हणाले, "वैभवभाई, माझ्या हातून चिठ्ठीशिवाय आटलेला माल आजवर गेला नाही. हा पण जाणार नाही."

आवाज चढला म्हणून शेठ केबिनबाहेर आले. दोघांचं ऐकून घेतलं. कार्ड पाहिलं. शॉर्टेजचा आकडा पाहून त्यांना मनापासून वाईट वाटलं, कारण त्यांना वाटलं कापड आहे. "चिठ्ठी लगाओ," ते म्हणाले. "नियम एटले नियम." आणि चिठ्ठीत काय लिहिणार हे न विचारता आत गेले. चिठ्ठ्या पार्टीने वाचायच्या असतात, शेठनी नव्हे.

नाना लिहायला बसले, आणि या वेळी त्यांना काहीच अडलं नाही:

'लॉट ब्लॉग-१. आला ३.८० मीटर, गेला ०.३१ मीटर. हरवलेला माल खालीलप्रमाणे. एक बॉयलर, बसलेला. पाणी, पाच वेळा. एक खिडकी. एक चूक, जिच्यावर ही मिल अकरा वर्षं चालली. आणि उखा, कलर किचन, सव्वीस वर्षं. ४१७ नंबर त्याने केला. मी तिथे उभा होतो. — फोल्डिंग मास्तर, धुडकू पाटील.'

चिठ्ठी टाचून माल योगिताकडे गेला. परिपत्रकात लिहिलं होतं, की माल चिठ्ठीसह बाहेर जाईल. तिने एकतीस सेंटिमीटर वेबसाइटवर चढवले आणि खाली चिठ्ठी चढवली. तिने नियम पाळला. (नियम पाळताना ती हसत होती, अशी नोंद कुठल्याही रजिस्टरात नाही.)

लेखावर वाचक सरासरी तीन सेकंद थांबले. चिठ्ठीवर चार मिनिटं. याचं आश्चर्य वैभवलाच काय ते वाटलं. सुरतेच्या मार्केटमधला व्यापारी ताक्यावरचं चकचकीत लेबल कधीच वाचत नाही. आधी चिठ्ठी उलटून बघतो, कारण खरं काय ते तिथेच लिहिलेलं असतं. एकाने दुसऱ्याला पाठवली, दुसऱ्याने आपल्या गटावर टाकली. तीस तारखेच्या संध्याकाळपर्यंत दोन हजार तीनशे जणांनी चिठ्ठी वाचली आणि शहाण्णव फोन आले. त्यांपैकी बासष्ट जणांना ४१७ किती दिवसांत मिळेल हे हवं होतं, एकोणीस जणांना बॉयलर आता बरा आहे का हे हवं होतं, अकरा जणांना उखा दुसऱ्या मिलमध्ये येईल का हे हवं होतं, आणि चौघांना धुडकू पाटील लग्नपत्रिकेचा मजकूर लिहून देतील का हे हवं होतं.

ब्लॉग यशस्वी झाल्याचं कमिटीने एकमताने जाहीर केलं. यशाचं कारण चिठ्ठी आहे, हेही तिने मोठ्या मनाने मान्य केलं आणि यापुढे प्रत्येक लेखाला चिठ्ठी सक्तीची केली. मात्र इतकी महत्त्वाची गोष्ट एकट्या माणसावर सोडणं बरं नाही म्हणून चिठ्ठीलाही लॉट नंबर देऊन सातही खात्यांतून फिरवायचं ठरलं. दुसऱ्या लेखाची चिठ्ठी परवाच फिरून आली. तिच्यावर 'दोष नाही' असं लिहिलेलं आहे. पावणेदोन सेंटिमीटर.

एकतीस तारखेला उखा हातपाय धुऊन निघाला. हात तरी कोपरापर्यंत हिरवेच राहिले. नानांनी त्याला फोल्डिंगच्या टेबलाशी बोलावलं आणि योगिताने मोबाइलवरून चिठ्ठी वाचून दाखवली, सावकाश, दोनदा. उखा दोन्ही वेळा मान खाली घालून ऐकत होता. मग त्याने विचारलं, "हारपेल माल म्हंजे मी का?"

नानांनी मान डोलावली.

"मी कोठे हारपनू, धुडकूभाऊ? मी ते आठेच व्हतू, कलर किचनमा," उखा म्हणाला, आणि हसला. मग त्याने योगिताला ती चिठ्ठी कागदावर छापून द्यायला सांगितली, घडी घालून खिशात ठेवली आणि नानांच्या गळ्यात पडून तो लहान पोरासारखा रडला. नानाही रडले. फोल्डिंग खातं त्या दिवशी वीस मिनिटं बंद होतं. त्याचा रिमार्क नानांनी लिहिलेला नाही.

मूळ चिठ्ठीत उखाचं पूर्ण नाव होतं, हे इथे सांगायला हवं. ही हकीकत तुमच्यापर्यंत येता येता ते आटलं. शेठ जरीवाला, वैभव रेशमवाला, भूपेंद्रभाई देसाई, बॉयलरवाले दत्तू सोनवणे, योगिता बाविस्कर, पाटी उलटवणारा सखाराम गायकवाडसुद्धा, सगळ्यांची आडनावं तुम्ही वाचलीत. ज्याच्या नावासाठी हा सगळा खटाटोप झाला, त्याचं आडनाव काय, हे तुम्ही इथपर्यंत एकदाही विचारलं नाहीत. आमची काही तक्रार नाही. सात खात्यांनीही विचारलं नव्हतं.